पानगळीतलं लुईझियाना

डेन्मार्कला शिकायला गेला आहात? ऑक्टोबरात दिवस भराभर लहान होतो आणि दिवाळी जवळ आली की खोलीत एकटं बसवत नाही. अशा वेळी कोपनहेगनहून ट्रेन पकडा, साधारण ३५ किलोमीटरवरच्या हुमलेबेकला उतरा. तिथे समुद्रकाठी १९५८ साली सुरू झालेलं लुईझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. या वाड्याच्या पहिल्या मालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुईस, म्हणून हे नाव! आत जाकोमेत्तीची काटकुळी माणसं, त्यांच्यामागे मोठ्या काचेतून तळ्याकाठची झाडं. बाहेर काल्डरची शिल्पं, पाण्यापलीकडे स्वीडन. विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त पडतं. सोमवारी मात्र बंद. उजेड असतानाच पोहोचा आणि बागेतून आईला व्हिडिओ कॉल करा. पानगळ तिलाही पाहू द्या.