अर्धा इंच आणि तेरा नंबर

स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले तर आपण त्यांच्याशी मारामारी करत नाही. आतल्या पेल्यात गार पाणी ओततो, बाहेरचा गरम पाण्यात धरतो आणि हलक्या हातानं फिरवतो. बाहेरचा जरासा फुगतो, आतला आक्रसतो, सुटतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, शिलाई मशीनची सुई धरणारा बारका स्क्रू, या सगळ्यांनी आपल्याला एवढं शिकवलेलंच असतं की अडलेली वस्तू नुसत्या जोरानं सुटत नाही आणि सुटलीच तर धड राहत नाही. तरी नट-बोल्ट म्हटलं की ते पुरुषांचं आणि ताकदीचं काम, असं आपण धरून चालतो. आमच्या घरात ही समजूत मोडली ती एका जुन्या ॲम्बॅसडरमुळं आणि यांच्या उजव्या हातामुळं.

गाडी मामंजींनी घेतलेली, १९६८ची, मार्क टू. स्तवनिधीला जायचं असो, कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला जायचं असो, नाहीतर नणंदांची पाठवणी असो, सगळं त्याच गाडीतून झालं. मामंजींच्या मागं यांनी ती सांभाळली. दर रविवारी जेवणाआधी दोन तास बॉनेट उघडं, हे आत वाकलेले आणि अंगणात ऑइलचा वास. दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं, पण उजव्या हाताची मूठ आली नाही. गाडी जागेवर उभी राहिली. त्यात इंजिनाला लागून जो मॅनिफोल्ड असतो, ज्यातून जळका धूर सायलेन्सरकडं जातो, त्याला चीर गेली होती. तो उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती.

मुलगा पुण्याहून म्हणाला, विकून टाका. भाऊजी म्हणाले, आता कशाला जीव शिणवतोस, टीव्ही बघत पड. सगळे मायेनंच बोलत होते. हे ऐकून घेत आणि संध्याकाळी जाऊन स्टिअरिंगच्या मागं नुसते बसत. गाडी गेली असती तर यांच्याकडं रविवार उरला नसता, एवढं मला दिसत होतं. म्हणून मी हत्यारांची पेटी उघडली.

पेटीत दोन घरांचे पाने मिसळलेले होते. चुलतसासऱ्यांकडं फियाट होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, पुढं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनायची, त्यामुळं आपल्या जैन घरांतून तिचं कौतुक जरा जास्तच. फियाट मूळची इटलीची, तिचे नट मिलिमीटरचे. आमची ॲम्बॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे नट इंचाचे. मॅनिफोल्डचा नट अर्ध्या इंचाच्या पान्याचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याच्यावर तेरा नंबरचा पाना अगदी सहज जातो. फरक फक्त ०.३ मिलिमीटरचा.

हाच फरक घात करतो. नट मोकळा असेल तर काही बिघडत नाही. पण पन्नास वर्षं तापून, गार होऊन, गंजून बसलेल्या नटावर सैल पाना लावून जोर केला, की पाना नटाच्या सपाट बाजू धरत नाही, फक्त कोपऱ्यांवर चढतो. कोपरे घासून नट गोल होतो. मग त्याला धरायचं कशानं? आणि फारच जोर केला तर नट न फिरता आतला स्टडच पिळून तुटतो. तुटका तुकडा हेडमध्ये राहिला तर बरोब्बर मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांच्या ईझी-आउटनं काढावा लागतो. ते ईझी-आउट कडक पोलादाचं, आत मोडलं तर ड्रिललाही दाद देत नाही. म्हणजे मग हेडच उतरवायचं. आमच्या एका नटाचे कोपरे पूर्वी कुठल्याशा गॅरेजमध्ये असेच खाल्ले गेले होते.

अर्ध्या इंचाचा पाना शोधायला मी उद्यमबागेत गेले. पहिल्या दुकानात सगळे मिलिमीटरचेच संच. दुसऱ्या दुकानदारानं खालच्या फळीवरून एक जुना पाना काढून दिला, त्यावर अर्धा असं कोरलेलं होतं, पण जबडा बघितला तर जवळजवळ एक इंचाचा! तो व्हिटवर्थचा पाना. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं १८४१ साली आट्यांची मापं ठरवून दिली. त्याच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. पुढं दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे आणि अमेरिकनांचे नट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८मध्ये कॅनडाला धरून तिघांनी एकच आटे ठरवले. आमची गाडी त्या नंतरच्या पिढीची. म्हणजे अर्धा इंच म्हटल्यावरही, कुणाचा अर्धा, हे विचारावंच लागतं.

शेवटी एका लेथवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडं हवा तो सॉकेट मिळाला. सहा कोनी. बारा कोनी सॉकेट पटकन बसतो, पण अडलेल्या नटाला सहा कोनीच पाहिजे, तो सगळ्या सहा बाजूंना धरतो. गाडीचं ऐकून मिस्त्री स्वतःच घरी आले. यांच्या हाताकडं त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "मालक, ह्यात जोराचं काम न्हाई. दांडा लांब घ्या, जोर निम्मा लागतोय."

आठवडाभर आमचा कार्यक्रम ठरलेला. तारेच्या ब्रशनं गंज घासायचा, गंज सोडवणारं तेल सोडायचं, हातोडीनं हलकं टकटक करायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी परत. रविवारी मी दोन्ही हातांनी सॉकेट नटावर सरळ दाबून धरला आणि यांनी डाव्या हातानं लांब दांडा ओढला. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणं आधी जरासं घट्ट करायच्या दिशेनं, मग उलट. कर्र असा आवाज आला. यांनी माझ्याकडं बघितलं, पण दोघंही काही बोललो नाही. पुन्हा तेल, पाव फेरा पुढं, अर्धा मागं.

राहिला तो कोपरे खाल्लेला नट. मी अर्ध्या इंचाचा सॉकेट पुढं केला तर मिस्त्रींनी मान हलवली. "हा आता अर्धा इंच ऱ्हायला न्हाई, वहिनी. हाय तेवढ्याचं माप घ्या." त्यांनी बारा नंबरचा सहा कोनी सॉकेट त्याच्यावर हातोडीनं ठोकून घट्ट बसवला आणि तो नट सुटला. गाडीच्या पुस्तकात त्याचं माप काहीही असो, आज तो जेवढा उरला होता तेवढ्यालाच तो सॉकेट बसला.

प्रवचनात कर्मबंध समजावताना सुयांचा दृष्टांत देतात. नुसत्या एकत्र ठेवलेल्या सुया, दोऱ्यानं बांधलेल्या, गंजून चिकटलेल्या आणि तापवून ठोकून एकच गोळा झालेल्या. पहिल्या तीन सुटतात, कमीअधिक कष्टानं. चौथा निकाचित, तो भोगूनच संपवायचा. यांच्या हातातलं काय गंजलेलं आहे आणि काय निकाचित, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. पण "तुला आता जमायचं नाही" म्हणणारे आणि "तू पहिल्यासारखा होशील" म्हणणारे, दोघांचाही पाना तेरा नंबरचाच आहे असं मला वाटायला लागलं. सहज जातो, पण धरत नाही. यांना लांब दांडा पाहिजे होता, डाव्या हाताला सोयीची बाजू पाहिजे होती आणि समोर सॉकेट सरळ धरणारं कुणीतरी.

मॅनिफोल्ड सांधून आला. बसवताना मिस्त्रींनी पितळी नट दिले, ते लोखंडी स्टडवर गंजून बसत नाहीत. दोन्ही घरांचे पाने मी वेगळे केले, इंची पापडाच्या डब्यात, मिलिमीटरचे जुन्या शेवेच्या डब्यात. रविवारी हे बॉनेटखालून न बघता हात मागं करतात आणि म्हणतात, "अर्धा." मी विचारते, "कुणाचा?" आणि मग देते.