कठड्याअलीकडचा भूगोल

नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. विषय भूगोल, म्हणून सहलींची जबाबदारीही माझ्याकडेच. कुठे जायचं, कोणत्या रस्त्याने, किती वाजता निघायचं, काय बघायचं, हे सगळं ठरवायची मीच. निवृत्त झाल्यावरही ओळखीचे लोक विचारतात, डोंगर-दऱ्या बघायला कुठे जाऊ? आज मी जे सांगते त्यात आणि तेव्हा जे सांगायची त्यात फार फरक पडला आहे. तेव्हाचं कुठे कुठे चुकलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण माझ्या भरवशावर कितीतरी मुलं त्या डोंगरात गेली आणि चुकीच्या गोष्टी शिकून परत आली.

नागपूर सपाटीवरचं गाव, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंच. खरी दरी बघायची तर सातपुडा गाठायला हवा. एक वाट अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याला जाते. दुसरी सावनेर, सौंसरवरून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला, आणि तिथून तामिया, पाताळकोट. त्याच्याही पलीकडे पचमढी, पण तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, म्हणून मी या दोनच जागांबद्दल बोलते. छिंदवाडा आता मध्य प्रदेशात असला तरी 1956पर्यंत नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती. सौंसर-पांढुर्ण्याकडे आजही घराघरात मराठी बोलतात, संत्र्याच्या बागा आपल्या काटोल-नरखेडसारख्याच दिसतात. परमुलखात आल्यासारखं तिथे वाटतच नाही.

माझी पहिली चूक मोसमाची. आम्ही मे महिन्यात चिखलदऱ्याला जायचो. शाळेला सुट्ट्या तेव्हाच, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर, आणि चिखलदरा म्हणजे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण. वर्गात शिकवलेलं गणितही बरोबर होतं: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, म्हणजे नागपूरपेक्षा पाचेक अंशांनी थंड. ते तसं असायचंही. रात्री पातळ चादर लागायची आणि मला वाटायचं, सहल सफल झाली. पण दरी? सागाची पानं गळून गेलेली, उतारांवर नुसते करडे खराटे. भीमकुंडाच्या कड्यावर पाण्याचा काळपट डाग. त्यात धूळ आणि मोहाखालचा पालापाचोळा जाळल्याचा धूर हवेत साचलेला, त्यामुळे समोरची दुसरी डोंगररांगसुद्धा दिसत नव्हती. मुलं कठड्याशी उभी राहून "मॅडम, कुठे बघायचं?" असं विचारायची आणि मी हात करून दाखवायची की त्या तिकडे मेळघाट. दिसत मलाही काही नव्हतं.

कोणीतरी सांगितलं, पावसाळ्यात जा. मग ऑगस्टमध्ये गेलो, तेही सुट्टीचे दिवस जोडून. परतवाड्यापासून वर गाड्यांची रांग, आणि वर पोचलो तर धुकं. पंचबोल पॉइंटला आवाज पाच वेळा घुमतो म्हणतात. आवाज घुमला, दरी काही दिसली नाही. धुक्यात दोष कशाचाच नव्हता. दोष एवढाच, की एका दिवसाचाच बेत होता आणि धुकं उठायची वाट बघायला आमच्याकडे वेळ नव्हता. तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असतं, सकाळी मिट्ट असलेली दरी अकराच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं उघडते आणि पुन्हा मिटते. आम्ही तोवर पुढच्या पॉइंटला निघालेलो असायचो. माझ्या कागदावर पॉइंटांची यादी होती आणि प्रत्येकापुढे वीस मिनिटं लिहिलेली होती.

त्याच सहलीत जे घडलं ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं. एका ओढ्यात मोठ्या मुलांना उतरायची मी परवानगी दिली. पाणी घोट्याइतकं, नितळ, खालचे दगड मोजता येतील असं. माथ्यावर आभाळ मोकळं होतं, मी ते नीट बघून घेतलं होतं. मी काठावर डबे उघडत होते आणि गाडीचा ड्रायव्हर एकदम ओरडला, "मॅडम, पोट्ट्यायले लवकर बाहेर काढा, पाणी लाल होऊन राह्यलं!" मी बघितलं तर खरंच वरच्या अंगाने पाण्याचा रंग बदलत होता. आधी लालसर रेघ आली, मग काड्या, पानं, मग फेस. मुलं ज्या दगडांवरून पलीकडे गेली होती ते दगड बघता बघता दिसेनासे झाले. शेवटच्या दोघांना ड्रायव्हरने हात धरून ओढून घेतलं तेव्हा पाणी कमरेला लागत होतं. सगळी मुलं सुखरूप बाहेर आली. पण त्याचं श्रेय त्या माणसाच्या डोळ्यांना आहे, माझ्या नियोजनाला नाही.

हे मला कळायला हवं होतं. गाविलगडचे डोंगर काळ्या बेसाल्टचे, त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार खडे. पडलेला पाऊस मुरायला थांबत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी चार-पाच किलोमीटर वर सर कोसळली की पाणी थोड्याच वेळात खाली. मी आभाळ बघितलं ते माझ्या डोक्यावरचं. बघायला हवं होतं ते ओढ्याच्या उगमाकडचं. हा धडा मी फळ्यावर अनेकदा शिकवला होता.

चिखलदऱ्यातली आणखी एक गोष्ट माझ्या यादीत नेहमी शेवटी राहिली, वेळ उरला तर म्हणून. गाविलगड किल्ला. 1803च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. दक्षिणेचा कडा चढणं अवघड, म्हणून त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा ओढत, डोंगरात स्वतः रस्ता करत, वळसा घालून उत्तरेच्या बाजूला आली. 15 डिसेंबरला बाहेरची तटबंदी फुटली तरी मधली घळ ओलांडून आतला किल्ला शिड्या लावून घ्यावा लागला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. नागपूरच्या इतिहासाला वळण देणारी ती घळ आजही तिथेच आहे, उभं राहून बघता येते. नागपूरच्या मुलांना तिथवर नेऊन मी ती दाखवली नाही, कारण साडेपाचला परत फिरायचं होतं.

पण माझी सगळ्यात मोठी चूक पाताळकोटची.

तामियाच्या पुढे छिंदीकडून गेलं की पठार एकदम तुटतं. खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी, सुमारे 79 चौरस किलोमीटरची, काठापासून तळ हजार फुटांहून जास्त खाली. तळाशी दूधी नदी, आणि भारिया व गोंड लोकांची डझनभर गावं. काठावरून बघितलं तर झाडीत काड्यापेटीएवढी घरं दिसतात. मी मुलांना काठावर उभं करून सांगायची: इथे सूर्याची किरणं दिवसातून जेमतेम दोन-तीन तास पोचतात, इथल्या लोकांना बाहेरचं जग माहीत नाही, मेघनाद याच वाटेने पाताळात गेला. मुलं डोळे विस्फारून ऐकायची, वहीत लिहून घ्यायची. परत आल्यावर त्यावर निबंध व्हायचे, आणि मी त्यांना चांगले गुण द्यायची.

यातली मेघनादाची गोष्ट तिथली लोककथा आहे, ती लोककथा म्हणून सांगायला हरकत नव्हती. बाकीचं मी कुठेतरी ऐकलेलं पुढे रेटत होते. मी स्वतः खाली कधी उतरले नव्हते. नागपूरहून दोनशे किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटल्यावर उतरणार तरी कधी?

निवृत्तीनंतर बहीण आणि मी मुक्कामाने गेलो तेव्हा पहिल्यांदा उतरले. गावातला एक तरुण वाट दाखवायला होता. नोव्हेंबर संपत आला होता. कड्याच्या अगदी पायथ्याशी ऊन उशिरा येतं आणि लवकर सरतं, हे खरं. पण दरी एवढी रुंद आहे की मधली शेतं सकाळपासून उन्हात होती. मक्याची कणसं वाळत घातलेली, कुंपणावर वालासारख्या शेंगांचे वेल चढलेले, छपरावर भोपळे. त्या तरुणाच्या खिशात मोबाइल होता, भाऊ छिंदवाड्याला कामाला. तिथल्या काही गावांपर्यंत आता रस्ताही पोचला आहे. "सूर्य पोचत नाही" हे वाक्य मी त्या उन्हात उभी राहून आठवलं आणि मला फार वाईट वाटलं. मी खोटं शिकवलं होतं, आणि त्या खोट्यामुळे मुलांच्या मनात इथली माणसं माणसांऐवजी अजब वस्तू झाली होती.

एका अंगणात एक बाई कुटकी सडत होती. लाकडी उखळ, हातभर उंच मुसळ. मोहरीएवढे दाणे, मुसळाच्या प्रत्येक घावासरशी उखळाच्या कडेला उसळायचे आणि ती डाव्या हाताने ते पुन्हा आत सारायची, मुसळाचा ठेका न चुकवता. मग सुपात घेऊन पाखडलं, कोंडा उडाला, खाली राखाडी-पांढरी कणी राहिली. पुन्हा उखळात. हे तीन वेळा केल्यावर मूठ-दोन मूठ धान्य भात करण्याजोगं झालं. मी कोदो-कुटकी हे शब्द पाठ्यपुस्तकातून शिकवले होते, "भरड धान्ये" या ओळीत. त्या धान्यामागे एवढे खांदे लागतात हे मला माहीत नव्हतं. मी न विचारता फोन काढून फोटो घ्यायला लागले. बाईने मुसळ खाली ठेवलं, पदर ओढला आणि घरात निघून गेली. आमच्या सोबतचा तरुण काही बोलला नाही. आम्ही तिथून निघालो.

दुसरी गोष्ट मला तिथल्या शाळेतल्या एका शिक्षकाने सांगितली, फार सौम्यपणे. आम्ही पिशवीभर चॉकलेटं आणली होती, वाटेत भेटतील त्या मुलांना द्यायला. शाळेच्या सहलींतही आम्ही हेच करायचो, आणि त्याला मी संस्कार समजत होते. ते म्हणाले, द्यायचंच असेल तर शाळेत द्या, वह्या द्या, नाहीतर काही देऊ नका. गाडीचा आवाज आला की पोरं वर्ग सोडून पळतात, हात पुढे करतात. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाठीमागे पायवाटेवर चॉकलेटचे चकचकीत कागद पडलेले होते, आमचे नव्हे, पण आमच्यासारख्यांचेच. आम्ही परतताना जमतील तेवढे उचलले.

भारिया लोकांना जंगलातल्या वनस्पतींची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी, मोह, मध यांवर त्यांचं घर चालतं. अतिमागास आदिवासी गटांत त्यांची नोंद आहे आणि वनहक्क कायद्याखाली त्यांना तिथल्या अधिवासाचे हक्कही मिळाले आहेत. म्हणजे मी ज्याला "व्ह्यू" म्हणून मुलांना दाखवत होते, ती त्यांच्या हक्काची, कसलेली, नावं दिलेली जमीन आहे.

भूगोलाच्या बाईने तिथे खरं तर एकच गोष्ट आवर्जून सांगायला हवी होती, आणि तीच राहून गेली. पाताळकोटात पडलेलं पाणी दूधीतून नर्मदेला आणि पुढे अरबी समुद्राला जातं. त्याच डोंगरांच्या दक्षिण अंगाला, छिंदवाडा जिल्ह्यातच, कन्हान आणि पेंच उगम पावतात. पेंच कामठीच्या वरच्या बाजूला कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतं. एका रांगेच्या दोन उतारांवर पडलेल्या सरी दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात. आणि नागपूरच्या नळाला येणारं पाणी पेंच-कन्हानचंच आहे. त्या डोंगरावरचं जंगल टिकलं तर पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात नद्यांना झिरपत येतं. तुटलं तर मघाच्या ओढ्यासारखं एकदम लाल होऊन वाहून जातं, धरणात गाळ भरतं. आमच्या घरच्या माठातलं पाणी कुठून येतं, हे त्या काठावर उभं राहून मुलांना सांगितलं असतं तर ती दरी त्यांची झाली असती.

आता कोणी विचारलं की मी सांगते: सप्टेंबर सरता सरता ते नोव्हेंबर. हिरवळ असते, धबधब्यांना पाणी असतं, पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि लांबच्या रांगा एकामागे एक दिसतात. भर दुपारी काठावर जाऊ नका, तेव्हा सगळी दरी सपाट दिसते. सकाळी किंवा चारनंतर तिरपं ऊन पडलं की घळी आणि सोंडा सुट्या होतात. तामियाच्या विश्रामगृहाच्या आवारातून संध्याकाळ बघाच. किमान एक रात्र राहा. गावातला माणूस सोबत घ्या, त्याला योग्य पैसे द्या. ओढ्यात उतरायचं असेल तर आधी त्याला विचारा. कोणाच्या अंगणात शिरण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा, नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा.

मागच्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी घरी आला होता. त्याची मुलगी आता पाचवीत. तो तिला कौतुकाने सांगत होता की मॅडमनी आम्हाला अशी दरी दाखवली होती जिथे सूर्यच पोचत नाही. मी त्याला तिथेच थांबवलं आणि मुलीला समोर बसवून सांगितलं की तुझ्या बाबाला मी चुकीचं शिकवलं होतं. नोव्हेंबरातलं ऊन, छपरावरचे भोपळे, कुटकीचं उखळ, सगळं सांगितलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "मॅडम, मग आता कधी जाऊ?" त्याच्याकडे दोन दिवस होते. मी म्हटलं, दोन दिवसांत एकच जागा कर, छिंदवाड्याहून पुढे तामियाला मुक्काम टाक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन खाली उतर.