हात वर ठेवा

मे महिना आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या फलकांवर मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांची पत्रकं लागतात. पूर्वी त्यांवर कराटेच असायचं, आता बॉक्सिंगही असतं. त्यात नवल नाही. सोल ऑलिंपिकला गेलेले मनोज पिंगळे याच शहरातले, आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमुळे देशातले कितीतरी चांगले बॉक्सर इथे घाम गाळतात. मी मात्र पोट कमी करायला म्हणून पहाटेच्या एका वर्गाला जाऊ लागलो आणि टिकलो. तेव्हापासून ओळखीचे विचारतात, "मग काय, आता कोणी अंगावर आलं तर?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यातलं बरंचसं विचारणाऱ्याच्या पचनी पडणारं नाही.

मुठीपासूनच बघा. आमच्याकडे नवीन माणसाला ठोशाच्या आधी पट्टी बांधायला शिकवतात. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला वेढे द्यायचे, मग पंजावरून, मग बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा मनगटाकडे. चार-साडेचार मीटर कापड, आणि त्यावर ग्लोव्ह. हा सगळा थाट मुख्यतः आपला हात शाबूत राहावा म्हणून. कवटीपुढे पंजाची हाडं अगदीच काटकुळी. ऑगस्ट १९८८मध्ये, जगज्जेता असताना, माइक टायसनची न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका कपड्यांच्या दुकानाबाहेर मिच ग्रीन या बॉक्सरशी भल्या पहाटे जुंपली. ग्रीनचा डोळा सुजून बंद झाला, पण टायसनच्याही उजव्या हाताचं हाड मोडलं आणि फ्रँक ब्रूनोशी ठरलेली त्याची लढत पुढच्या वर्षावर गेली. टायसनची ही गत, तर हिंजवडीत दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या हातांचं काय सांगावं!

आणि पुण्यात रिकाम्या हाताने अंगावर येणाऱ्याची धास्ती फार कोणाला नाही. इथे भीती कोयत्याची आहे. २७ जून २०२३ला सदाशिव पेठेत, भर दिवसा, वर्दळीच्या रस्त्यावर एका तरुणाने ओळखीच्या मुलीवर कोयत्याने वार केले. ती जीव घेऊन पळाली, तो मागे लागला. रस्त्यावर माणसं होती. बहुतेक जण बघत राहिले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा एक मुलगा मध्ये पडला आणि त्याने तो कोयताच धरला. मग आणखी काही जण धावले. मुलगी जखमी झाली, पण वाचली.

बॉक्सिंग शिकणाऱ्याने या प्रसंगावर जरा थांबून विचार करावा. आम्हाला पहिला धडा 'गार्ड'चा: हात वर, कोपरं आत, समोरचा ठोसा हातांवर झेलायचा. ग्लोव्ह अडवायला ते उत्तम, पण कोयत्यापुढे तेच हात कापले जातील. त्या मुलाने जे केलं, म्हणजे घट्ट धरून ठेवलं, ते रिंगमध्ये चुकीचं मानतात. प्रतिस्पर्ध्याला धरून राहिलात की पंच 'ब्रेक' म्हणतो, पुन्हा केलंत तर ताकीद. पकडीचं शास्त्र बघायचं तर पेठांमधल्या जुन्या तालमींत जावं. (आमच्या सरांपुढे हे बोलायची सोय नाही.) अर्थात तांबड्या मातीत पडणं वेगळं आणि डांबरावर, दुसरा एखादा लाथ उगारून उभा असताना पडणं वेगळं.

मग बॉक्सिंगने काहीच मिळत नाही का? मिळतं. स्पॅरिंगमध्ये नाकावर पहिला जॅब बसतो तेव्हा डोळे आपोआप मिटतात, श्वास अडकतो, पाय खिळतात. काही महिन्यांनी डोळे उघडे राहू लागतात. मार लागला म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे अंगाला कळतं. बाहेर माणूस गारठतो तो बहुधा या सवयीअभावी. दुसरं म्हणजे पाय. समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं, सरळ मागे न जाता बाजूला सरकायचं, हे रोज घोटून घेतात. त्यात स्किपिंगने आलेला दम मिळवा, म्हणजे पळता येतं. सर एरवी कमी बोलतात, पण हे वाक्य ठरलेलं: "दम संपला की हात खाली येतो, आणि हात खाली आला की तोंड उघडं पडतं." रिंगमध्ये ३ मिनिटांनी घंटा होते. रस्त्यावर ती वाजवणारं कोणी नसतं, तेव्हा असलेला दम पळण्यात घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचंही बघा. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्कच उरत नाही. सिग्नलला गाडीला गाडी घासली म्हणून लगावलेली यात बसत नाही. मुळात ठोशापेक्षा भयंकर असतो तो ठोशाने खाली पडणाऱ्याच्या डोक्याखालचा रस्ता. रस्त्यावर मारामारी केलेल्याला आमच्या वर्गातून काढतात, ते उगीच नाही.

आता शिबिराच्या त्या पत्रकांबद्दल. पत्रकावरच्या चित्रात अंधारी गल्ली आणि अनोळखी पुरुष असतो. प्रत्यक्षात देशात नोंद होणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात: नातलग, शेजारी, मित्र, वरिष्ठ. तिथे जॅब कुठून मारणार? आमच्या वर्गातली एक मुलगी स्पॅरिंगमध्ये मला सहज फटकावते. तिच्या ऑफिसातल्या साहेबांचा खांद्यावर रेंगाळणारा हात मात्र तिला कित्येक महिने झटकता आला नव्हता. शेवटी तिने अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. इतक्या दिवसांच्या सरावाचा त्यात काही उपयोग झाला का, असं मी विचारलं.

"छे हो काका," ती म्हणाली. "पण बॅगेवर मारायला एक चेहरा मिळाला."