मधला प्लग

आमच्या अण्णांचे गॅरेज लोहाऱ्यात रस्त्याकडेला आहे. गॅरेज आपले म्हणायचे म्हणून. वर चार पत्रे, मागे विटांची एक भिंत, पुढे ऑईल पिऊन काळी झालेली जमीन आणि कोपऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा. सुटे भाग ह्या फरशीवर मांडून ठेवायचे, असा अण्णांचा नियम. फरशीचे नाव मी मुद्दाम घेतले आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

अण्णा सातवीत होते तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आली. सास्तूरकडच्या आमच्या गावातले घर पडले, शाळाही पडली. शाळा पुढे पुन्हा उभी राहिली. पण तोवर अण्णा उमरग्याच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले होते. डिझेलमध्ये नटबोल्ट धुता धुता ते मिस्त्री झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गिऱ्हाईक आले, की गाडीला काय झाले हे विचारण्याआधी अण्णा सांगणार, "हा आमचा पोरगा. बी. ए.ला हाय." मला ते ऐकायला लाज वाटे आणि आवडेही.

मला कॉलेजात घालायला अण्णांना भरीस पाडले ते आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी. ते आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० आहे. ह्या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मालकाच्या हाती पडली आणि २०१४ साली ती निघायची बंद झाली. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांची ती पहिली मोटार ठरली. गुरुजींचीही पहिलीच, आणि ते स्वतःच म्हणतात त्याप्रमाणे शेवटचीही.

दिवाळीच्या सुट्टीत ही गाडी सर्व्हिसिंगला आली. ऑईल अण्णांनी बदलले, प्लगांचे काम मला दिले. तीन सिलिंडर, तीन प्लग. काम पंधरा मिनिटांचे. दुसरा नवा प्लग डबीतून काढताना हातातून निसटला आणि त्या फरशीवर पडला. टक् असा बारीक आवाज झाला. उचलून पाहिला तर टोकाचा वाकडा दांडा दबून गॅप मिटली होती. फिलर गेज लावून मी गॅप पुन्हा नीट केली, प्लग पुसला आणि मधल्या सिलिंडरला बसवून टाकला. अण्णा तेव्हा चहा सांगायला गेले होते. गाडी चालू केली तर शिलाईच्या मशीनसारखी चालली. मग सांगायचे तरी काय? एका प्लगाच्या किमतीचा प्रश्नच नव्हता. बी. ए.च्या पोराच्या हातून प्लग पडला, एवढे वाक्य मात्र जिभेवर येईना.

आठ-दहा दिवसांनी गुरुजी आले. काकूंच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी ते सोलापूरला गेले होते आणि येताना देवीचे दर्शन घ्यावे म्हणून तुळजापूरच्या वाटेने आले. घाट चढताना गाडी झटके मारायला लागली. घाट संपला, गाडी पुन्हा शहाणी झाली.

गॅरेजच्या भाषेत ह्याला 'मिसिंग' म्हणतात. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडावी लागते. त्यातल्या काही चुकल्या की पेट्रोल न जळता बाहेर जाते आणि गाडी अडखळते. सतत मिसिंग असेल तर पोऱ्यासुद्धा शोधून काढतो. मधूनच येणारे मिसिंग मात्र मिस्त्रीचे केस पांढरे करते. कारण गाडी मिस्त्रीसमोर उभी राहिली की तिला काहीच होत नाही. (दवाखान्यात गेल्यावर आमच्या आजीचे पोट दुखायचे थांबते, तशातलाच प्रकार.) अलीकडच्या गाड्यांतला कॉम्प्युटर इंजिनाच्या फेऱ्यातली बारीकशी अडखळ टिपून ठेवतो, स्कॅनर लावला की पी ०३०२ असा आकडा येतो, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतो आहे. गुरुजींच्या गाडीला हे सुख कुठले?

अण्णा एकटेच बसून गावाबाहेर चक्कर मारून आले. काही नाही. तरी त्यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून जेट साफ केले. पुढच्या आठवड्यात गुरुजी पुन्हा हजर. ह्या वेळी मीच शहाणपण सुचवले, "कॉइल तापत असेल." तापल्यावर कॉइल दगा देते हे खरेही आहे. साडेआठशे रुपयांची नवी कॉइल आली, गुरुजींनी पैसे दिले. तिसऱ्या वेळी गाडीत पाचजण होते, आणि रात्रीच्या अंधारात ती इतके झटके देऊ लागली, की काकू घाबरून खाली उतरल्या. दोन दिवसांवर ऑपरेशन होते. अशा गाडीचा भरवसा नको म्हणून त्यांनी तारीखच पुढे ढकलून घेतली. गुरुजी अण्णांना एका शब्दाने बोलले नाहीत. बाजारात मात्र कुणीतरी म्हणाले, "मिस्त्री आता पार्ट इकतो, गाडी नीट करत न्हाई." ते अण्णांच्या कानावर आले. त्या रात्री ते अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठले.

अंगणात बसून ते बोटांवर मोजू लागले. "पेट्रोल बरोबर हाय. कॉइल नवी. प्लग तर तूच बसवलास, नवे. नवेच हाईत नव्हं?"

"हो," मी म्हणालो.

तो एवढासा होकार. आज लिहितानाही कान गरम होतात.

"मग उद्या पार्ट बदलायचं बंद," अण्णा म्हणाले. "गाडीलाच इचारू."

सकाळी त्यांनी मागच्या सीटवर सोयाबीनची तीन पोती टाकली आणि मला शेजारी बसवले. गावाबाहेरच्या चढावर गाडी हळू असतानाच चौथा गिअर टाकला आणि एक्सिलेटर तळापर्यंत दाबला. गाडीने झटका दिला, मग दुसरा. त्याच क्षणी अण्णांनी क्लच दाबून चावी बंद केली. इंजिन जागच्या जागी थांबले पाहिजे. सावकाश बंद केले तर प्लग पुन्हा स्वच्छ होऊन पुरावा जातो. तिथेच बॉनेट उघडून तिन्ही प्लग काढले. दोन तांबूस, कोरडे. मधला काळा, ओला, पेट्रोलचा वास येणारा.

मला वाटले, सापडले. पण अण्णांनी घाई केली नाही. मधल्या सिलिंडरची वायर खराब असली तरी प्लग ओलाच होणार. त्यांनी खडूने प्लगांवर खुणा केल्या, मधला प्लग पुसून पहिल्या सिलिंडरला लावला, पहिला मधल्याला. वायरींना हात लावला नाही. पुन्हा तोच चढ, तोच गिअर, तीच पोती. पुन्हा झटके. आता पहिल्या सिलिंडरचा प्लग ओला आणि मधला कोरडा. म्हणजे दोष सिलिंडरचा नाही, वायरचा नाही. प्लग जिकडे गेला तिकडे दोष गेला.

आपल्यापैकी ज्यांनी तर्कशास्त्र घेतले आहे, त्यांना जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती माहीत असतील. १८४३ साली आलेल्या त्याच्या ग्रंथातली व्यतिरेक पद्धती मी गाईडमधून पाठ केली होती: बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. सहा गुणांना येते. रस्त्याच्या कडेला, हातात खडू घेतलेल्या माझ्या सातवी शिकलेल्या बापाने ती माझ्यासमोर करून दाखवली, तेव्हा ती मला प्रथमच समजली. आणि त्याच वेळी दुसरेही कळले. अण्णांचे अनुमान तीन आठवडे चुकत होते, कारण त्यातले एक विधान खोटे होते. ते विधान माझे होते.

अण्णांनी प्लग पेट्रोलने धुतला आणि उन्हात धरला. षट्कोनाच्या वर, पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ होती. सपाटीवर सिलिंडरमधला दाब कमी असतो, थोड्या व्होल्टवर ठिणगी आपल्या जागी पडते. चढावर एक्सिलेटर दाबला की आत हवा दाटते, दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. मग तिला बाहेरची ती भेग सोपी वाटते. मोकळ्या हवेत हा प्लग तपासला असता, तर बिनतक्रार पास झाला असता.

"पडला व्हता का?" अण्णांनी विचारले.

"हो. दिवाळीत. फरशीवर."

ते बराच वेळ रेघेकडेच पाहत राहिले. ओरडले असते तर बरे झाले असते. "प्लग समद्यांच्याच हातनं पडतेत," ते म्हणाले. "काल रात्री मी तुला इचारलं व्हतं."

नवा प्लग त्यांनी स्वतः बसवला. पुन्हा पोत्यांसह चढ चढलो. झटका नाही. परत आल्यावर त्यांनी गल्ल्यातून साडेआठशे रुपये काढून माझ्या हातात दिले. "गाडी घेऊन जा. आन् कशानं झालं ते तूच सांग. मिस्त्रीचं चुकलं असं सांगू नको."

गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले; फरशी, गॅप, कॉइल, रात्रीचा तो होकार. आतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्याही ऐकत होत्या. गुरुजींनी पैसे न मोजता खिशात घातले. चावी घेतली.

"ऑपरेशनची नवी तारीख मंगळवारची आहे," ते म्हणाले. "पहाटे पाचला निघायचंय. घाट नाही लागणार, पण तू चल बरोबर."

"येतो," मी म्हणालो.

"आणि तुझी परीक्षा कधी आहे?"

मी तारीख सांगितली.