माया

शिवणकामात ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड. मूल वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची आणि पुन्हा टीप मारायची. लहानपणी मला वाटे, हा शब्द माझ्या अम्मानेच काढला असावा.

आमच्या मोऱ्याच्या घरात कपडा सहसा मरत नसे. थोरल्याच्या अंगावरून तो धाकट्याच्या अंगावर येई, तिथून पिशवी होई आणि शेवटी गोधडीच्या पोटात जाई. शर्टाची कॉलर घासली की अम्मा ती उसवून, उलटून पुन्हा बसवी. विटलेल्या सुती साडीचे बाळासाठी झबले आणि दुपटे होई, कारण नव्या कापडाला तो मऊपणा नसतो. बोहारीण दारात येई, पण अम्मा तिला फारसे काही देत नसे. एका पातेल्यापेक्षा गोधडीचे मोल तिला अधिक वाटे.

अब्बा मुंबईला गोदीत कामाला होते. सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे, संध्याकाळी परत. मी सहावीत असताना ते गेले. त्यांचे सदरे आणि लुंग्या गरजूंना दिल्या. कामावरच्या तीन निळ्या पँटी मात्र अम्माने ठेवून घेतल्या. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि एका दुपारी तिने त्या उसवायला घेतल्या.

गुडघे आणि बैठक विरली होती. तेवढा भाग तिने कापून बाजूला ठेवला. बाकीचे कापड उलटे केले. आतली बाजू उन्हापासून वाचलेली, म्हणून रंग गडद होता. पँटीच्या पायाचा पन्हा अरुंद, त्यातून अखंड घेर निघणार नव्हता. म्हणून तिने सहा कळ्या कापल्या आणि माझ्या शाळेचा स्कर्ट शिवला. खाली चार बोटे दुमड ठेवली, कमरेलाही माया ठेवली.

१९७९ साली माझी सातवी झाली. थोरले चुलते आले. “पोरीला लिहिता-वाचता येतंय, आता बस झालं,” म्हणाले. अम्मा त्यांच्यापुढे कधी बोलत नसे. तिने स्कर्ट आणून त्याची खालची दुमड उलटून दाखवली. “दहावीपर्यंत पुरंल एवढं कापड आत ठेवलंय, भाईसाब. ते वाया जाईल.” चुलते काटकसरीचे. वाया घालवण्याच्या बाजूने त्यांना बोलता येईना. मी आठवीत गेले.

दर जूनमध्ये दुमड थोडी सुटे. जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसे, मुली हसत. अम्माने त्या रेघेवर काळी फीत लावली. दहावीपर्यंत अशा तीन फिती झाल्या. १९८२ साली मी मॅट्रिक झाले, तेव्हा दुमडीत एक बोटही कापड उरले नव्हते.

गांधीजी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून सूट दिली होती. या यंत्रामागे बायकोचे कष्ट हलके करण्याची ओढ आहे, असे त्यांना वाटे. अम्माचे कष्ट मशीनने हलके झाले असतील, पण ते मोजले कोणी नाहीत. पैगंबर (स.) घरी आपला कपडा स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, असे हजरत आयेशा सांगतात. ही हदीस आमच्या घरातल्या पुरुषांनी अनेकदा ऐकली होती. सुई मात्र बायकांच्याच हातात राहिली.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदूही. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान ‘फुलं’ लावल्याशिवाय ती उघडीनागडी दिसते, असे त्या मानतात. ऊब तर फुलांवाचूनही मिळाली असती. तरी त्या लावतात. अम्माच्या काळ्या फितीचेही तसेच होते. नुसते लांबवून तिचे भागत नव्हते, माझी मान खाली जाऊ नये हेही तिला पाहायचे होते.

जानेवारी २०२४ मध्ये उरणला लोकल आली आणि अटल सेतूही खुला झाला. आता मुंबई जवळ आली आहे, तयार कपडे तर त्याआधीच घरोघर पोचले होते. त्यातले बरेचसे उलटून पाहिले तर शिवणीच्या कडेला जेमतेम अर्धे बोट कापड असते, तेही मशीनने कातरून गुंफलेले. सोडायला काही नसतेच. मूल वाढले की कपडा बाद. शिवाय पॉलिस्टरला जुन्या सुती साडीसारखा मऊपणा येत नाही, म्हणून गोधडीतही त्याला जागा नाही. स्वस्ताईने गरिबाच्या मुलांना नवे कपडे मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण हे मूल उद्या वाढणार आहे, हे शिवतानाच धरून चालणे त्या कपड्यात राहिले नाही.

मी आजही मुलीसाठी कपडा घेणाऱ्या आईला सांगते, आधी उलटून बघ. आत माया किती आहे ते बघ.