न कमावलेला आवाज

‘कुर्बानी’ 1980 साली आला तेव्हा आमच्या घरात गायिकांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. लताबाई आणि आशाबाई सगळ्यात वर, बाकीच्यांनी आपापलं बघावं. ‘आप जैसा कोई’ गाणारी पोरगी कुठल्याच पायरीवर बसेना. ‘नाकात गाते’ असं म्हणून आईनं विषय मिटवला. पेटी शिकवायला येणाऱ्या मास्तरांनी तर रेडिओच बंद केला.

मास्तरांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये शिकणाऱ्या नाझिया हसनचा गळा कमावलेला नव्हता. मला मात्र तेच आवडलं. तोवर पडद्यावरच्या सोळा वर्षांच्या नायिकेसाठी पन्नाशीच्या बाई गायच्या (अद्भुत गायच्या, वादच नाही). इथे सगळं उलटं. पडद्यावर झीनत अमान आणि आवाज शाळकरी मुलीचा. सिनेमाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं बिड्डूचं. मूळचा बंगळूरचा हा माणूस लंडनमध्ये बसून ‘कुंग फू फायटिंग’सारखी गाणी गाजवत होता. नाझियाला पंधराव्या वर्षी फिल्मफेअर मिळालं.

पुढच्याच वर्षी तिचा आणि भाऊ झोहेबचा ‘डिस्को दीवाने’ आला. ना सिनेमा, ना नायक-नायिका, नुसती गाणी. मी ती कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली आणि पुढे हॉस्टेलवर नेली. लताबाईंचं गाणं म्हणायला घेतलं की दुसऱ्या ओळीला आपली लायकी कळते. नाझियाची गाणी बादली भरेपर्यंत आम्ही सगळ्याच म्हणायचो, बेसूर असणाऱ्यासुद्धा. 1995 मध्ये बिड्डूनंच अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ केलं आणि इंडीपॉपची लाट आली म्हणून सगळीकडे गवगवा झाला. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

नाझिया तोवर गाण्यातून बाहेर पडली होती. कायद्याची पदवी तिनं घेतलीच होती. 13 ऑगस्ट 2000 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं ती लंडनमध्ये गेली. वय 35.

2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’नं ‘डिस्को दीवाने’ पुन्हा वाजवलं. सुनिधी चौहान, बेनी दयाल आणि त्यांच्यामध्ये जुन्या ध्वनिमुद्रणातली नाझिया. भाची त्यावर नाचता नाचता थांबली आणि म्हणाली, “मावशी, ही मधली कोण गं? वेगळीच गाते.”

हल्ली टीव्हीवरच्या स्पर्धेत आठ-नऊ वर्षांच्या मुली बैठकीची लावणी ठसक्यात गातात आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. नाझिया तिथे पहिल्याच फेरीत बाद झाली असती.