भोजलीची साक्ष

श्रावण लागला की रायपूरच्या आसपासच्या गावांत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर शेणाची चित्रं उमटतात. बोटांनी ओढलेल्या जाड रेघा, त्यांना हातपाय, कुठे वाघ, कुठे माणूस. ही सवनाही. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून बायका ती काढतात. मग अमावास्येला हरेली. नांगर-कुदळ धुऊन पुजायची, गुळाचा चिला करायचा, मुलांनी बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून मिरवायचं. राऊत दारोदार कडुनिंबाची डहाळी खोचत जातो, लोहार चौकटीत खिळा ठोकतो. हिरव्या, ओल्या वासाचा हा सण मला फार आवडतो. पण त्याच रात्री गावं लवकर दारं लावून घेतात, कारण हरेलीची रात्र टोनहीची, म्हणजे चेटकिणीची, मानली जाते. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं गेली कित्येक वर्षं मुद्दाम या रात्री गावांतून फिरतात आणि कोणतीही बाई टोनही नसते, एवढं एकच सांगतात.

हरेली झाली की आठवड्याभरात घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपल्यांतून गहू पेरतात. ऊन न लागल्यामुळे त्याचे कोंब फिकट, सोनसळी वाढतात. ही भोजली. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुली त्या टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात तळ्यावर जातात, भोजली शिरवतात आणि थोडे कोंब परत आणतात. ते कोंब एकमेकींच्या कानावर खोचले की दोघी जन्माच्या भोजली होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटलं की ‘सीताराम भोजली’ म्हणायचं. तिची आई ती आपली फूलदाई, तिचा बाप फूलददा. लग्नकार्यात, सुतकात दोन्ही घरं एकमेकांची.

आमचं मूळ घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं, पण वडील शाळामास्तर असल्यामुळे माझं लहानपण महानदीच्या अलीकडच्या एका गावात गेलं. तिथे मला माझी भोजली मिळाली. मराठी घरातल्या पोरीने तळ्याच्या काठी असं नातं जोडून यावं, हे आईला आधी रुचलं नव्हतं. पुढे मला गोवर आला, तेव्हा फूलदाईने रात्र रात्र उशाशी बसून काढली, आणि आईचं म्हणणं आपोआप विरलं. मी रायपूरला शिकायला आले, डॉक्टर झाले, न्यायवैद्यक घेतलं. ती गावातच राहिली. छत्तीसगड राज्य झाल्यावर 2002 मध्ये मितानिन योजना सुरू झाली. आरोग्याच्या कामासाठी पाड्यापाड्यातून निवडलेल्या बायका, आज 60 हजारांहून अधिक. आशा योजना देशभर आली ती यानंतर. माझी भोजली पहिल्या काही तुकड्यांतली मितानिन. ती जिवंत माणसांच्या दारात जायची आणि मी मेलेल्यांची कागदपत्रं भरायची.

ज्या प्रकरणात आमची दोघींची कामं एकत्र आली, त्याची वर्षं आणि ठिकाण सांगत नाही. एक मूल त्या घरात अजून वाढतं आहे.

गावच्या कोटवाराने ठाण्यावर वर्दी दिली म्हणून ते प्रेत आमच्याकडे आलं, नाहीतर तासाभरात चितेवर गेलं असतं. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, कायम झाला होता. कागदावर होतं: महिनाभराची बाळंतीण, सकाळी उलटी होऊन पडली, जागीच गेली. घरच्यांनी तिला शेवटची आंघोळ घातली होती, अंगभर हळद लावली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. इतक्या मायेने पाठवलेलं शरीर टेबलावर क्वचित येतं.

ओल्या कापसाने मी हळद पुसायला घेतली. दंडावरची गेली, पोटरीवरची गेली. पाठीवर मात्र कापूस स्वच्छ येऊ लागला तरी पिवळं तसंच राहिलं. त्याच्या कडेने हिरवट झाक, मध्ये जांभळं. कातडीखाली साकळलेलं रक्त मुरताना रंग बदलत जातं, आणि 18 तासांच्या आत त्याला पिवळेपणा येत नाही. म्हणजे मार त्या सकाळचा नव्हता. आदल्या रात्रीचाही नव्हता, त्याच्याही आधीचा. नीट पाहिल्यावर दोन दोन समांतर लाल रेघा दिसल्या, मधली पट्टी फिकी. छडीचा घाव असाच उमटतो. जिथे काठी बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना सरकतं. मनगटांवर दोरीचा दाब होता. श्वासनळीचं अस्तर लाल, चिडलेलं होतं. मोडलेलं हाड एकही नव्हतं. डोक्याला इजा नव्हती. आणि तरी ती मेली होती.

अशा मृत्यूंत फसगत होते ती इथेच. माणूस एका घावाने मरत नाही. मांड्या, पाठ, नितंब यांच्या स्नायूंवर तासन् तास मार बसला की स्नायूच कुटले जातात. त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. पाणी दिलेलं नसेल तर आणखी लवकर. मारणारे थांबलेले असतात, बाई शांत झालेली असते, आतलं गेलं म्हणून घरात सुटकेचा निःश्वास पडलेला असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जाते. घरच्यांना खरंच वाटतं की उलटी झाली आणि पडली. मी स्नायूंचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे तपासणीला काढले, फोटो घेतले, अहवालाची प्राथमिक पानं पोलिसांच्या हाती दिली.

त्यानंतर, दिवेलागणीला, भोजली माझ्या दारात आली. शेवटच्या बसने. सीताराम म्हणाली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘आज तुमच्याकडे जी आणली, ती माझ्या यादीतली.’

तिने जे सांगितलं ते मी ऐकत राहिले. टेबलावर काय दिसलं ते मी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. छट्ठीला कांके पाणी प्यायला सगळी गल्ली जमली होती, तेव्हाच भोजलीला बाळंतिणीचे डोळे बरे दिसले नव्हते. ती झोपत नव्हती. बाळ बदललंय म्हणत होती. भिंतीशी बोलायची. बाळंतपणानंतर हजारांत एखाद-दुसऱ्या बाईला असं वेड लागतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि वेळेवर औषध मिळालं तर ती पूर्ण बरी होते. भोजलीला या आजाराचं नाव ठाऊक नव्हतं. बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, हे मात्र ठाऊक होतं. तिने सासूला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दार लावलेलं होतं, आतून मिरचीच्या धुराचा वास येत होता, आणि फटीतून बांधलेले हात दिसले. बाहेरच्या बाईची सावली पडता कामा नये, असं तिला सांगण्यात आलं. तिने 108 ला फोन केला. गाडी आली, आणि घरच्यांनी ती परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सासू परसात जे फडके धूत होती, त्यावरची लघवी काळ्या चहाच्या रंगाची होती. ‘एवढी काळी मी कधी पाहिली नाही,’ भोजली म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. कुटलेल्या स्नायूंचा तोच रंग.

मी तिला म्हटलं, हे सगळं ठाण्यात सांग. ती बराच वेळ बोलली नाही. ते घर तिच्या माहेरच्या नात्यातलं होतं. ज्या बैगाने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, झाडफुंक केली त्यानेच तिच्या मुलाचे गालगुंड उतरवले होते. मग ती म्हणाली, ‘भोजली, बैगा रात्री दोन वाजता दार उघडतो. तुमच्यातलं कोण उघडतं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. सकाळी पहिल्या बसने ती ठाण्यात गेली.

या मृत्यूंचा तपास इतर खुनांच्या तपासाहून वेगळा असतो, हे मला तेव्हापासून फार जाणवतं. मेलेल्याशी कुणाचं वैर होतं, हा पोलिसांचा पहिला प्रश्न इथे निरुपयोगी आहे. वैर कुणाचंच नसतं. उलट घरच्यांनी उसने पैसे काढलेले असतात, उपास धरलेले असतात.

ऑगस्ट 2022 मध्ये नागपूरच्या सुभाषनगरात पाच वर्षांच्या मुलीचा असाच जीव गेला. आमच्याकडच्या मराठी घरांचं निम्मं गणगोत नागपुरात, त्यामुळे ती बातमी रायपुरात घरातल्यासारखी आली. महिन्याभरापूर्वी कुटुंब एका दर्ग्याला जाऊन आलं होतं, तेव्हापासून धाकटीचं वागणं बदललंय असं बापाला वाटू लागलं. आई, बाप आणि मावशी, तिघांनी मिळून रात्री भूत उतरवायला घेतलं. पोर बेशुद्ध पडली. तिला आधी दर्ग्यात आणि मग सरकारी मेडिकलमध्ये नेलं, आणि तिथेच सोडून ते निघून गेले. दारावरच्या सुरक्षारक्षकाला तिच्या अंगावरच्या खुणा पाहून शंका आली, म्हणून त्याने त्यांच्या गाडीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवला. त्या फोटोवरून पोलीस घरापर्यंत पोचले. त्या रक्षकाला मी मनोमन अनेकदा नमस्कार केला आहे.

पण मला विसरता येत नाही ते दुसरंच. पोलिसांना बापाच्या मोबाईलमध्ये त्या रात्रीचं चित्रण सापडलं. रडणाऱ्या पोरीला ते प्रश्न विचारत होते आणि तिला प्रश्नच कळत नव्हते.

जर्मनीत क्लिंगेनबर्गच्या अनेलीसे मिशेलचंही असंच. फेफऱ्याचं निदान झालेली तेवीस वर्षांची मुलगी. 1975 च्या सप्टेंबरपासून दोन पाद्र्यांनी बिशपच्या परवानगीने 67 वेळा तिच्यातून सैतान काढायचा विधी केला, आणि 1 जुलै 1976 ला ती उपासमारीने गेली, वजन उरलं होतं तीसेक किलो. तिच्या त्या बैठकांच्या चाळीसहून अधिक ध्वनिफिती होत्या. 1978 मध्ये आईबाप आणि दोन्ही पाद्री दोषी ठरले. शिक्षा सहा महिन्यांची, तीही स्थगित. गुन्हा करणारा पुरावा नाहीसा करतो. ही माणसं तो जपून ठेवतात, कारण आपण वाचवतो आहोत याबद्दल त्यांच्या मनात त्या घटकेला तिळमात्र शंका नसते. मला वाटतं, या मृत्यूंची सगळी भीषणता इथे आहे. त्या खोलीत शंका घेणारं एकही माणूस उरलेलं नसतं.

कायदे आहेत. छत्तीसगडचा टोनही प्रताडना निवारण अधिनियम 2005 चा; एखादीला टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत, छळ केला किंवा झाडफुंकीने उतरवण्याचा दावा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यांचं आहे. ज्यासाठी त्या माणसाने अठरा वर्षं पदर पसरला, त्याचा वटहुकूम त्याच्या मरणानंतर चार दिवसांत निघाला, हे आठवलं की अजून घसा दाटतो. कायदा हवाच. पण तो दार फुटल्यावर आत येतो. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले, तेव्हा देश जागा झाला. साखळी बांधण्याला स्पष्ट मनाई करणारा मानसिक आरोग्य कायदा आला 2017 मध्ये.

आमचा खटला उभा राहायलाही वर्षं गेली. शेजारी फितूर झाले. कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणी त्या दिवशी गावातच नव्हतं. भोजली उभी राहिली. तोवर तिला हातपंपावर कुणी आधी पाणी भरू देत नव्हतं, पण हे तिने मला कधी सांगितलं नाही, तिच्या मुलाने सांगितलं.

बचावाच्या वकिलांनी आमचं नातं शोधून काढलं होतं. मी साक्षीला उभी असताना त्यांनी विचारलं, त्या मितानिनीला ओळखता का. हो म्हटलं. किती वर्षांपासून? लहानपणापासून. म्हणजे दोघींनी ठरवून गोष्ट रचली? मी प्राथमिक अहवालावरची पोलिसांच्या सहीची वेळ दाखवली, फोटोंची वेळ दाखवली, भोजली शहरात पोचायच्या किती आधी ते सगळं माझ्या हातून गेलं होतं ते दाखवलं. ऊतींच्या तपासणीचा निष्कर्ष दुसऱ्याच माणसाच्या सहीचा होता. काळी लघवी तिने पाहिली होती, बंद पडलेली मूत्रपिंडं मी पाहिली होती, आणि दोघींनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट सांगितली होती. मग वकील म्हणाले, तुमच्या या मैत्रिणीचं नाव सांगा, रेकॉर्डवर हवं.

तळ्याच्या काठापासून त्या दिवसापर्यंत ते नाव माझ्या तोंडून गेलं नव्हतं. ती मागच्या बाकावर बसली होती. मी नाव घेतलं, आडनावासकट, स्पष्ट. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, ‘नारळ द्यावा लागेल तुला.’ समोरच्या टपरीवरून मी नारळ आणला, तिथेच पायरीवर फोडला, आणि आम्ही दोघींनी तो खाल्ला.

बैगाला आणि त्या घरातल्या एका चुलत्याला शिक्षा झाली, अपील वर गेलं आहे. सासू सुटली. लसीच्या दिवशी भोजली त्या घरी जायची तेव्हा सासू दाराबाहेर येऊन मूल तिच्या हातात द्यायची आणि आत जाऊन उभी राहायची. पाचही वर्षं असंच चाललं. गेल्या जूनमध्ये शाळेत नाव घालताना म्हातारीने पहिल्यांदा हाक मारून तिला बरोबर नेलं, दाखल्यावर आईचं नाव नीट लिहिलं जातंय ना, ते बघायला.

परवा भोजलीचा फोन आला. पलीकडच्या पाड्यात आणखी एक बाळंतीण झोपत नाहीये. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच आवारात बसतात, दुआ आणि दवा दोन्ही मिळतात, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने त्या पाड्यातल्या बैगाला सांगितलं, फुंकर मार, धागा बांध, हात लावायचा नाही; आणि गाडीत तू पुढे बस. तो बसला. बाळंतीण मागे, बाळ सासूच्या मांडीवर. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, पहिल्या रात्री ती सहा तास झोपली. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय, आणि त्या दिवशी गाडीचं भाडं कोण देणार, हे अजून ठरायचं आहे.